पायात लेंगा घातलेल्या पाच कोंबड्या: वेंगुर्ल्याकडचं एक प्रकरण

हे एकाच घरातलं, एकाच वर्षातलं, पाच कोचीन कोंबड्यांचं प्रकरण आहे. कोचीन म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत पिसं असलेली, भारी अंगाची फॅन्सी जात. जानेवारी ते दिवाळी. मी मालवणच्या बाजूला राहतो, पंधराएक वर्षं गावठी कोंबड्या आणि गेली सातेक वर्षं फॅन्सी जाती थोड्या थोड्या ठेवतो. ज्याचं हे प्रकरण आहे तो पोरगा वेंगुर्ल्याच्या पुढे एका वाडीत राहतो, मुंबईची नोकरी सोडून आलेला, वय अठ्ठावीस. नाव घालत नाही, त्याची हरकत नव्हती पण त्याची आई नको म्हणाली. सल्ले देणारे आम्ही तिघं: मी, गुहागरकडचे एक काका ज्यांच्याकडे वीसएक वर्षं कोचीन बँटम, म्हणजे छोट्या साइजच्या कोचीन, आहेत, आणि घाटावर साताऱ्याच्या बाजूचा एक जुना ब्रीडर, ज्याच्याकडूनच हे पक्षी आले. तिघंही अनुभवी आणि तिघांनीही मनापासून सांगितलं. तरीपण एक मोठी कोंबडी गेली, पिल्लं गेली, दोन डझनावर अंडी वाया गेली, आणि त्यात माझाही वाटा आहे म्हणून लिहायला बसलोय.

पहिली गंमत खरेदीतच. कोचीनच का घेतली विचारलं तर म्हणतो, "दादा, कोचीन म्हणजे केरळातलं कोची ना, समुद्राकाठची, तीच दमट हवा, तेच माड नि पोफळी, म्हणजे आपल्याकडे शंभर टक्के रुळणार." ऐकायला एकदम बरोबर. पण या कोंबडीचा केरळशी काडीचा संबंध नाही. ही चीनमधली, शांघाय बंदराकडची. १८४० च्या दशकात इंग्लंडात पोचली तेव्हा लोक तिला शांघाय पण म्हणायचे आणि कोचीन-चायना पण म्हणायचे, आणि कोचीन-चायना हे खरं तर व्हिएतनामच्या दक्षिण भागाचं नाव, म्हणजे तेही चुकीचंच. पुढे त्यातलं चायना गळालं आणि नुसतं कोचीन उरलं. व्हिक्टोरिया राणीने असले पक्षी पाळले होते, आणि १८५० च्या आसपास तिकडे कोंबड्यांचं असं खूळ सुटलं की त्याला हेन फीवर म्हणायला लागले. मग शोवाल्यांनी, म्हणजे कोंबड्यांच्या प्रदर्शनात पक्षी मांडणाऱ्यांनी, पिढ्यानपिढ्या निवडून निवडून तिला अजून गुबगुबीत केली. म्हणजे आज आपण जी बघतो ती मूळची चीनची आणि घडवलेली थंड देशातल्या शोच्या टेबलावर. शांघायला हिवाळ्यात गारठा असतो, वेंगुर्ल्याला डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागतो. एवढा एक फरक डोक्यात असता तर पुढचं निम्मं टळलं असतं, पण ते आता मी शहाणपणाने लिहितोय, तेव्हा मलापण सुचलं नव्हतं.

तर जानेवारीत एक नर चार माद्या आल्या. बफ, म्हणजे फिकट सोनेरी कलर, मोठी साइज, बँटम नाही. अमेरिकन स्टँडर्डमध्ये, म्हणजे तिकडच्या शोसाठी ठरवलेल्या मापांत, पूर्ण वाढलेला कोचीन कोंबडा ५ किलोचा आणि मादी ४ किलोच्या जरा खाली धरतात, याचा नर दहा महिन्यांचा होता आणि ४ किलो ३०० ग्रॅम भरला, म्हणजे चांगलाच. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, ही कोंबडी म्हणजे अंगापेक्षा पिसं जास्त. शेपटीच्या बुडाशी उशी फुगल्यासारखा गोल, मांड्यांवर कापूस, आणि पिसं थेट पायाच्या बोटांपर्यंत उतरलेली. शेजारची आजी पहिल्या दिवशी कुडणाशी, म्हणजे कुंपणाशी, येऊन बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यां काय हाडलंस रे? कोंबड्याक लेंगो कोणी शिवल्यान?" आणि जाता जाता, "ह्यो राखणीक पण चलाचो नाय." राखण म्हणजे आमच्याकडे राखणदाराला द्यायचा कोंबडा. ते लेंगो नाव वाडीत पक्कं झालं.

जागा अशी. घराच्या मागे मांगराला, म्हणजे परसातल्या शेडला, लागून आठ बाय दहा फुटांचं खुराडं, खाली सिमेंटचा कोबा, तीन बाजूंनी कमरेएवढे चिरे, वर जाळी, छप्पर पत्र्याचं. पुढे मोकळं सोडायला वेंगुर्ला-४ काजूची सहा कलमं. लसीकरण त्याने नीट केलं होतं, मानमोडीची लस आधी देऊन आणि पुन्हा इथे आल्यावर डॉक्टरांना विचारून, त्या बाबतीत नवख्याने आम्हा जुन्यांना लाजवलं. त्यामुळे रोगाचं मोठं संकट वर्षभरात आलं नाही. आलं ते सगळं हवेतून नि पायाखालून.

फेब्रुवारीत माद्या अंड्यावर आल्या. फिकट तपकिरी अंडी, फार मोठी नाहीत. त्याने अकरा अंडी गावठी कोंबडीखाली बसवली. सातव्या दिवशी रात्री मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी लावून बघितली तर अकराच्या अकरा क्लिअर, आत काही नाही, नुसता पिवळ्याचा पुंजका हलतोय. मला फोन. मी विचारलं कोंबडा चढतो का, तर म्हणे चढतो, रोज बघतो, स्वतःच्या डोळ्यांनी. मग मी ऐटीत निदान केलं, कोंबडा माजलाय, चरबी वाढलीय, मका बंद कर नि खाणं निम्म्यावर आण. त्याने आणलं बिचाऱ्याने. दोन आठवडे गेले, कोंबडा तीनशे ग्रॅमनी उतरला, पुढची चौदा अंडी बसवली, त्यातल्या एकात रक्ताची रिंग दिसली, म्हणजे जीव धरून सुरुवातीलाच मेलेला, आणि तेरा परत क्लिअर. घाटावरच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "अवो नर कवळा हाय, ह्या जातीला दम धरावा लागतो, दीड वर्षाचा होऊ द्या." हेही खोटं नाही, कोचीन सावकाश वाढते, पण दहा महिन्यांचा नर अगदीच कामाचा नसतो असंही नाही.

गुहागरच्या काकांनी फोनवर एकच प्रश्न विचारला: "शेपटी वर करून बघितलीस का?"

नव्हती बघितली. ना त्याने, ना मी सांगितली. कोचीनचा नर चढतो, तोल सांभाळतो, सगळं बाहेरून बरोबर दिसतं, पण दोघांच्याही मागच्या जागेभोवती एवढा कापूस असतो की खरा स्पर्श होतच नाही, पिसाला पीस लागतं आणि काम तिथंच संपतं. काकांनी सांगितलं, कात्री घे आणि व्हेंटच्या, म्हणजे त्या मागच्या जागेच्या, भोवती रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं वर्तुळ दोघांचंही मोकळं कर, मादीचं वरच्या बाजूला जास्त, नराचं खालच्या बाजूला जास्त. आणि शेपटीच्या बुडाची मोठी पिसं मादीची पाठीमागून जरा विरळ कर.

इथे पोरगा अडला. म्हणाला, "काका, लुक जाईल, शोला न्यायची आहे." काका हसले असणार, मला नंतर एवढंच सांगितलं की अंडी पाहिजेत की फोटो ते त्याला ठरवू दे. आता यातली एक बारीक गोष्ट नवख्यांनी लक्षात ठेवण्यासारखी: पीस कापलं की ते पुढची पिसं झडेपर्यंत तसंच राहतं, कारण देठ जागेवर असतो. उपटलं तर साधारण दीड-दोन महिन्यांत नवीन येतं. म्हणून शोवाले कधीकधी उपटतात. पण त्या जागेची पिसं उपटणं म्हणजे पक्ष्याला त्रास, मी तरी कापायलाच सांगतो.

शेवटी मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याने कापली. आई पक्षी धरून बसली आणि हा कात्री घेऊन, दोघंही घाबरलेले, नराचा तर वीस मिनिटं कार्यक्रम चालला. कापल्यावर लगेच अंडी गोळा करायची नाहीत हे मी सांगितलं, माझं तेवढं तरी बरोबर निघालं, दहा दिवस थांबला. बारा अंडी बसवली. सातव्या दिवशी नळी लावली तर नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मध्ये काळा ठिपका, आणि नीट धरलं तर तो ठिपका हलतो. त्याने रात्री साडेअकराला मला व्हिडिओ पाठवला, बायको उठली. नवातली सात फुटली, एप्रिलच्या सुरुवातीला. एक मुंगसाने नेलं, सहा राहिली. मका परत सुरू केला, कोंबड्याचे तीनशे ग्रॅम परत आले, माझ्या सल्ल्याचा हिशेब शून्य.

इथपर्यंत तसं गोड चाललं होतं.

मे महिना. ज्यांना कोकणातला मे माहिती आहे त्यांना सांगायला नको, पारा घाटावरच्यापेक्षा कमीच असतो, आमच्याकडे चौतीस-पस्तीस, पण हवा कुंद, वारा पडला की अंगातून घाम निघतो आणि सुकत नाही. पोरग्याने बघितलं की दुपारी कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतायत, पंख अंगापासून लांब धरतायत, गळ्याखालची कातडी लवलव हलतेय. त्याने साताऱ्याच्या माणसाला विचारलं, कारण पक्षी त्याचे. त्याने सांगितलं ते तो स्वतः वीस वर्षं करतो: चारही बाजूंनी गोणपाट लावा, दर तासाला पाणी मारा, आत गारवा राहतो. पोरग्याने अगदी मन लावून केलं. तीन बाजूंनी ओलं गोणपाट, चौथी मांगराची भिंत. वरून स्प्रेने पक्ष्यांच्या अंगावरपण पाणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला सगळ्यात भारी मादी गेली. तो म्हणाला, हात लावला तर अंग असं कढत की भाजेल. पंख पसरून, मान पुढे टाकून, कोब्यावर. आणि वरची पिसं चिंब ओली, पण बोटं आत घातली तर आतला कापूस कोरडा ठणठणीत. पाणी आत पोचलंच नव्हतं.

झालं काय ते मी माझ्या डोक्यात नंतर जुळवलं. कोंबडीला घाम येत नाही. ती गार होते ती धापा टाकून, श्वासातून पाण्याची वाफ बाहेर टाकते, आणि तुऱ्यातून, गळ्याच्या लाल पाळ्यांतून, पायांतून थोडी उष्णता जाते. कोचीनचे पायच पिसांनी झाकलेले, म्हणजे ती खिडकी बंद. राहिली धाप. घाटावर मे महिन्यात दुपारची हवा कोरडी, ओल्या गोणपाटातून वारा आला की पाणी झरझर सुकतं आणि आत खरंच गार होतं, हा कूलरचाच प्रकार झाला. आमच्याकडे हवा आधीच पाण्याने भरलेली, गोणपाट सुकतच नाही, उलट वारा अडवतं आणि आतली हवा अजून दमट करतं. दमट हवेत कोंबडीच्या श्वासातली वाफ पण नीट जात नाही. म्हणजे आपण गारव्याच्या नावाखाली तिच्या नाकातोंडावर ओला टॉवेल धरला. ज्याने सांगितलं त्याची चूक म्हणवत नाही मला. त्याला मी फोन केला तर दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "आमच्याकडं तर कायम असंच करतो ओ." खरंच करतो तो, आणि त्याचे पक्षी जगतात.

माझा राग स्वतःवर, एवढाच की गोणपाट लावलं त्या दिवशी सकाळी पोरग्याने मलापण विचारलं होतं, गोणपाट लावू का, आणि मी बाइकवर होतो, लाव लाव म्हणालो नि फोन ठेवला.

त्यानंतर काय केलं ते थोडक्यात. गोणपाट त्याच संध्याकाळी काढलं. जाळीच्या बाजूला जमिनीपासून फूटभर उंचीवर जुना टेबलफॅन लावला, वारा पक्ष्यांच्या अंगावरून आरपार जाईल असा. पत्र्यावर माडाची झापं टाकली. खाणं पहाटे साडेपाचला आणि मग थेट संध्याकाळी सहानंतर, कारण खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, ती नेमकी दुपारी दीड-दोनला नको. प्यायचं पाणी मडक्यात. आणि दुपारी काजूखाली मोकळं सोडायला लागला, तिथे त्यांनी स्वतःच पालापाचोळा उकरून खड्डे केले आणि पोट थंड मातीला लावून पडून राहायच्या. ते बघून काका म्हणाले, कोंबडीला विचारलं असतंस तर तिनेच सांगितलं असतं. धाप फारच वाढली तर अंगावर पाणी मारायचं नाही, तुरा नि पाळ्या ओल्या फडक्याने पुसायच्या आणि पाय घोट्यापर्यंत गार पाण्याच्या घमेल्यात उभे करायचे, मग पायाची पिसं फडक्याने टिपून घ्यायची. उरलेले चारही मृगापर्यंत टिकले.

मृग लागला, पाऊस आला, सगळ्यांनी हुश्श केलं. आणि मग खरा त्रास सुरू झाला.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आगोटीला घरात सुकट, मीठ, लाकडं भरून ठेवतो पण कोंबडीच्या पायाखालचं कोरडं काय भरून ठेवायचं याचा विचार गावठी कोंबडीला लागतच नाही, ती मांगराच्या वाश्यावर चढून बसते, पाय उघडे, चिखल लागला तरी तासाभरात गळून जातो. कोचीन वर चढत नाही, चार किलोचं धूड फुटभराच्या वर उडी मारत नाही आणि मारूही नये, उतरताना तळवे दुखावतात. ती खालीच. आणि पायाला झाडू बांधलेला.

पोरग्याने घाटावरच्या सांगण्यावरूनच डीप लिटर केलं होतं, सहा इंच भाताचा तूस, रोज उकरायचा, काढायचा नाही. कोरड्या हवेत ही पद्धत छानच चालते. इथे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तूस उकरला की पापडासारखा तुकडा निघायचा, खाली काळा, आणि खुराड्यात वाकलं की डोळ्यांतून पाणी. माणसाच्या उंचीला अमोनिया जाणवतो तेव्हा कोंबडीच्या उंचीला किती असेल.

दोन गोष्टी एकदम झाल्या. एक, मेच्या शेवटी एक मादी स्वतःच खुडूक बसली होती, तिच्याखाली आठ अंडी ठेवलेली, सहा पिल्लं जूनच्या मध्यावर भर पावसात फुटली. चार आठवड्यांची झाली आणि पिसं फुगवून कोपऱ्यात उभी, विष्ठेत रक्त. कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा रोग. त्याची बीजं विष्ठेतून पडतात आणि ओलावा नि ऊब मिळाली की एकदोन दिवसांत लागण करायला तयार, आणि आमच्या तुसात दोन्ही फुकट. डॉक्टरांनी पाण्यातून अँप्रोलियम दिलं, त्यांच्या मापाने. दोन गेली, चार वाचली.

दुसरी गोष्ट पायांची, आणि इथे परत मी आहे. त्याने एका मादीच्या पायाचा फोटो पाठवला, लंगडतेय म्हणून. फोटोत पाय जाड, पांढुरका, खडबडीत दिसत होता. मी बघितल्याबरोबर सांगितलं, पायाची खरूज, खवल्यांखाली बारीक किडे जातात ती. शेजाऱ्याने त्यावर रॉकेल लावायला सांगितलं, जुना गावठी उपाय, आणि मी त्याला नको म्हणायच्या आत त्याने लावलं होतं. दुसऱ्या दिवशी पाय लालबुंद.

मग मात्र मी रविवारी बाइक काढली आणि गेलो. पावसातून पन्नासएक किलोमीटर. मादी मांडीवर घेतली, घमेल्यात कोमट पाणी, पाय त्यात सोडले. जी पांढुरकी जाड खरूज मला फोटोत दिसली होती ती चिखल, विष्ठा, तुसाचं कूस आणि कोब्याच्या सिमेंटची धूळ यांचा वाळलेला गोळा होता, पिसांत असा विणलेला की बोटांनी सुटेना. दहा मिनिटांनी कडा विरघळायला लागल्या. पाणी काळं झालं, बदललं, परत काळं. तिसऱ्या पाण्याला मधल्या बोटाचा गोळा सुटला आणि त्याबरोबर नखपण आलं हातात. बोटाभोवती दोऱ्याने आवळल्यासारखा खोल वळ होता, आतल्या पिसाचाच पीळ बसलेला. कोंबडी ओरडली नाही, कोचीन ओरडतच नाहीत फारशा, नुसती मान वर करून माझ्याकडे बघत होती. पिसं बाजूला करून बघितलं तर खवले सपाट, गुळगुळीत, एकही उचललेला नाही. खरूज असती तर खवले वर उचललेले आणि त्यांच्याखाली खडूसारखी पूड दिसली असती. आणि दुसरा पाय उलटा केला तर तळव्याला मधोमध काळी खपली, भोवती सूज. त्याची आई म्हणाली कुरूप झालंय. याला बंबलफूट म्हणतात, तळव्याला झालेली जखम आत पिकते ती.

गंमत म्हणजे आलोच आहे तर सगळ्यांचे पाय बघू म्हणून कोंबड्याचे बघितले, तर त्याला खरंच खरूज होती. पिसांखाली झाकलेली, कोणाला दिसलीच नव्हती. जिच्यासाठी फोटो आला तिला नव्हती नि ज्याचा फोटो आला नाही त्याला होती. त्या दिवसापासून पायात पिसं असलेल्या कोंबडीच्या पायाबद्दल मी फोटोवरून बोलत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. खवला बोटाने चाचपावा लागतो.

उपाय साधेच. कोंबड्याच्या पायाला आधी कोमट पाणी, मग खोबरेल चोळून वर व्हॅसलिनचा थर, किडे गुदमरतात, दर आठवड्याला, चारपाच वेळा. सोबत डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिन दिलं, वजनावर माप काढून, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही सांगितलं. ही खरूज एकाची दुसऱ्याला लागते म्हणून खोबरेल सगळ्यांनाच. मादीच्या तळव्याला बेटाडीन, पट्टी, आणि तीन आठवडे पडवीत पोत्यावर मुक्काम. खपली घरी उकरायला जाऊ नका, डॉक्टरांनी काढली. पायाची मळकी पिसं कापताना मात्र एक चूक होता होता राहिली, पोरगा सरसकट कात्री चालवणार होता. नवीन येणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असतं, निळसर जाड देठ दिसतो, तो कापला की धार लागते आणि बाकीच्या कोंबड्या रक्त बघून टोचायला येतात. जुनी, कोरड्या पांढऱ्या देठाचीच पिसं छाटायची.

पण हे सगळं मलमपट्टी, मूळ खाली होतं. त्या दिवशी चहा पिताना समोर शेळ्यांचा गोठा दिसला शेजाऱ्याचा, मचाणावर. कोकणात शेळीला आपण पावसात जमिनीवर ठेवत नाही, खालून लेंड्या पडून जातात नि वर कोरडं. हे पोरग्याच्याच डोक्यात आलं, माझ्या नाही. वादळात पडलेल्या पोफळी परसात होत्याच, त्या चिरून रिपा काढल्या, सपाट बाजू वर, दोन रिपांत करंगळी जाईल एवढीच फट. जाळीची फरशी करायची नाही, भारी पक्ष्याचे तळवे जाळीवर फाटतात, आणि पिसं अडकतात. उंची दीड फूट, चढायला रुंद उतरती फळी, आडव्या पट्ट्या मारलेली, म्हणजे उडी मारायचं कारण नको. एका कोपऱ्यात टोपलीभर कोरडा तूस, दर तिसऱ्या दिवशी नवीन. पुढच्या बाजूला नदीची रेती, खाली निचरा होईल अशी. समुद्राची वाळू आधी आणली होती त्याने, ती मिठामुळे ओल धरून ठेवते, परत टाकून आला. सुताराची दोन दिवसांची मजुरी आणि खिळे, एवढाच खर्च. काका म्हणाले पेंढा मात्र टाकू नको, पावसात बुरशी धरतो नि ती श्वासात जाते. घाटावरच्याला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं: "ह्ये भारी हाय, पण आमच्यात उन्हाळ्यात खालनं झळ मारंल."

ऑगस्टपासून पाय स्वच्छ राहिले. लंगडी मादी एका नखाने कमी, पण चालते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पिसं झडून नवीन आली, मागचा कापूसही परत आला, म्हणजे फेब्रुवारीच्या आधी परत कात्री. या वेळी तो लुकबद्दल काही बोलला नाही. वर्षाचा ताळेबंद: पाचातले चार मोठे जिवंत, पहिल्या बॅचची सहा आणि पावसातली चार अशी दहा पिल्लं, त्यातले चार नर, ते त्याने विकायला काढलेत. घेणाऱ्याला तो आधी विचारतो, कुठं नेणार, घाटावर की खाली, आणि त्याप्रमाणे सांगतो. शोला अजून काही नेलेलं नाही.

आणि दिवाळीच्या आधी आजी आली. सुपात तूस, तुसात तेरा गावठी अंडी. कोचीनची मादी वर्षातून कितीदा खुडूक बसते आणि बसली की हलत नाही, अंगाखाली डझनभर अंडी आरामात झाकते, हे तिने कुडणापलीकडून वर्षभर बघून ठेवलं होतं. तिच्या गावठी कोंबड्या मध्येच उठून जातात. घरटं जमिनीलगत नि खोलगट ठेव एवढंच पोरग्याने सांगितलं, नाहीतर वजनाने अंडी फुटतात.

"झिला, तुझी ती गोधडी खुडूक बसली हा मां?" आजी म्हणाली. "माका एकवीस दिस दी बघया. पिलां झाली की दोन तुझी."

त्याने तीन मागितली. अडीचवर तुटेना, म्हणून दोन पिल्लं नि एक कुळथाची पिशवी.